दादाच्या सीटची उंची

"माणूस एकदा डोंगराला भिडला की दुःख पायथ्याशीच बसून राहतं," असं धाकट्याने पायथ्याशी उभं राहून धीरगंभीर आवाजात जाहीर केलं, सायकलवर टांग टाकली आणि पलीकडच्या बाजूने जमिनीवर आला.

वहिनीने शिट्टी वाजवली. ती शाळेत खेळ शिकवायची. शिट्टी कायम गळ्यात, आणि समोर कुणीही पडलं की हात आपोआप तिकडे.

"भाऊजी, लागलं का?"

"छे! उतरलो."

"असं कोण उतरतं? ती सीट खाली घ्या आधी. पाय टेकत नाहीत तुमचे."

"टेकतात. एकेक करून टेकतात."

सायकल दादाची होती. दादा ताडमाड उंच. धाकटा त्याच्या खांद्याशी संपायचा. म्हणून दादा त्याला 'अर्ध्या' म्हणायचा, पन्नाशी उलटली तरी म्हणायचा. दरवर्षी दादा आणि वहिनी या पठारावरच्या वाटेने सायकली घेऊन जायचे. दिवसभरात घर नाही, दुकान नाही. माणूस दिसलाच तर तोही वाट चुकलेला. निघण्याआधी दादा धाकट्याच्या चष्म्याच्या दुकानात डोकावून विचारायचा, "अर्ध्या, येतोस का?" आणि धाकटा काचेवरून मान वर न करता म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की."

हिवाळ्यात घराचा जिना चढताना दादाचं हृदय बंद पडलं. एवढे डोंगर पालथे घातलेल्या माणसाला दुसऱ्या मजल्याने नेलं. मग पुढचं वर्ष आलं, पण नुसतं वर्षच आलं. आता धाकट्याला अर्ध्या म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. तो एकाएकी पूर्ण झाला होता, आणि ते त्याला झेपत नव्हतं.

वहिनीने दादाचे कपडे एका दुपारीत देऊन टाकले. बूट गेले, फोन बंद झाला. पॅसेजमधल्या हुकाला टांगलेली सायकल तेवढी राहिली, आणि तिच्यावर ती सीट. दादाने शेवटची लावली तशीच. धाकट्याला तिच्याकडे बघितलं की दादाचा अख्खा पाय दिसायचा, टाचेपासून कमरेपर्यंत. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय?

चढावर कसंबसं निभलं. एक पाय खाली गेला की दुसरं पॅडल सुटायचं, मग कंबर तिकडे फेकायची. गुडघाभर झुडपं, मधेच चिखलाचे खड्डे, आणि वारा असा की बोललेलं वाक्य मागच्या मागे उडून जावं.

"भाऊजी," पुढून वहिनी ओरडली, "सायकल चालवताय की पाळणा हलवताय?"

"दोन्ही! मूल झोपेना!"

माथ्यावर दार नसलेली एक दगडी खोपटी होती. तिथे बसून दोघांनी ब्रेड आणि उकडलेली अंडी खाल्ली. दादाची म्हणून एक जागा मधे मोकळी राहिली होती. दोघांपैकी कुणीही तिथे पाण्याची बाटलीसुद्धा ठेवली नाही.

खोपटीच्या पलीकडे उतार होता. दादाने त्याचं नाव ठेवलं होतं 'गुडघेफोड'. पायऱ्यांसारखे दगड, आणि पायऱ्या चढणारा-उतरणारा कुणी राक्षस असावा अशा अंतराने.

"इथे मात्र सीट खाली घ्यावीच लागते," वहिनी म्हणाली. "तुमचा दादाही दरवर्षी इथे दोघांच्या सीट खाली घ्यायचा, उतार संपला की परत वर. वजन मागे न्यायला जागा हवी. नाहीतर सीटच माणसाला पुढे फेकते."

"माझं वजन कुठेही गेलं तरी मला सोडून जात नाही," असं म्हणून धाकटा निघाला.

पहिल्या दगडावर सीटने त्याला पुढे फेकलं.

या वेळी शिट्टी वाजली नाही. वहिनी धावत आली. कोपर सोलवटलं होतं आणि चष्मेवाल्याच्या स्वतःच्या चष्म्याला उभा तडा गेला होता.

"एक गेला तेवढा पुरे झाला ना!" ती कडाडली. "का ऐकत नाही तुम्ही? काय आहे त्या सीटमध्ये?"

धाकटा तड्याच्या दोन्ही बाजूंनी तिच्याकडे बघत राहिला. "ती त्याने लावलीय, वहिनी. त्याच्या पायाचं माप आहे ते. खाली घेतली की गेलं."

ती त्याच्याशेजारी दगडावर बसली. त्याच्या तडकलेल्या चष्म्याकडे बघत म्हणाली, "तुमच्या दुकानात लोक गेलेल्या माणसाचा चष्मा घेऊन येतात. तेव्हा काय म्हणता तुम्ही?"

"फ्रेम चांगली आहे. काचा बदलू."

"मग?"

"ती दुसऱ्यांची माणसं असतात."

तिने पिशवीतून पाना काढून नुसता पुढे धरला. धाकटा सायकलीशी वाकला. सीटची दांडी चौकटीत शिरते तिथे वाळलेल्या चिखलाचं एक कडं बसलेलं होतं. गेल्या वर्षीचा चिखल. चाकांवर, पॅडलवर, सगळीकडे तोच, वर आजचा नवा ओला थर. आणि वहिनी तर शाळेतले फुटबॉलसुद्धा साबणाने धुऊन घेणारी बाई.

"वहिनी, सायकल धुतली नाहीत?"

"वेळ नाही मिळाला," ती दरीकडे बघत म्हणाली.

धाकट्याने पाना लावला. नट करकरला. चिखलाचं कडं तडकलं आणि त्याचे तुकडे दगडांत पडून दगडांसारखेच दिसायला लागले. सीट हलकासा सुस्कारा टाकून खाली गेली, पार त्याच्या मापाला. वहिनीने तिच्यावर तळहात ठेवला, क्षणभर दाबला आणि काढून घेतला.

धाकटा उभा राहिला. त्याने घसा खाकरला, समोरच्या डोंगररांगांकडे पाहिलं, आणि त्याचा तो धीरगंभीर आवाज परत आला.

"वहिनी, माणूस जेव्हा आपल्या हाताने..."

"ते खाली पोचल्यावर बोला," तिने नाक पुसलं आणि आपली सायकल त्याच्यासमोर आणून उभी केली. "आधी माझीही तेवढी खाली घेऊन द्या ना. हा नट मला कधीच सैल करता आला नाही."