वाजतोय ना?

मी एक जुना रहाट आहे. जुना म्हणून माझी कीव करू नका, मित्रांनो. आमच्या आळीत रामराम आणि देव बरे करो यांच्या जोडीला एक तिसरा नमस्कार चालतो, "काय, वाजतोय ना?" तो माझ्यामुळे रुजला आहे!

१९४२ साली पास्कल सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं आणि वसईतल्या हरिश्चंद्राच्या वाडीत, बावखलाच्या काठावर बसवलं. जाताना त्याने बजावलं, "आसाला तेल घालू नको. कुरकुरू दे." रेडा गोल फिरे, माझी गाडगी त्या बावखलाच्या तळ्यातून भरून वर येत आणि पाणी केळींकडे धावे. दूर पाटावर काम करणाऱ्या मालकाला माझा आवाज ऐकू आला, की रेडा चालतोय हे कळे.

एका सकाळी माझं एक गाडगं फुटलं. हरिश्चंद्राने रेडा थांबवला, नवं बांधायला वाकला आणि शेवाळावरून घसरून थेट बावखलात पडला. कुंपणापलीकडे शेजारीण सालोमी भाजी खुडत होती. गाडगं बदलायला कितीसा वेळ लागतो, हे तिला ठाऊक होतं. मी फारच वेळ गप्प राहिलो, तशी ती टोपली टाकून धावली. सुंभाचा दोर फेकून तिने त्याला वर ओढलं. नाहीतर त्या दिवशी त्याचा ग्रंथच आटोपला असता.

तेव्हापासून ती रोज कुंपणावरून विचारी, "हरीभाव, वाजतोय ना?" तो म्हणे, "वाजतोय गो बाय." म्हणजे, मी ठीक आहे. बघता बघता साऱ्या आळीने ते शब्द उचलले. मला त्याचा फार अभिमान वाटे.

छप्पन साली पाण्याचं इंजिन आलं आणि मी थांबलो. माझ्यावर कारल्याचा वेल चढला. नमस्कार मात्र चालू राहिला, पण नुसता तोंडात.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी हरिश्चंद्राचा मुलगा विद्याधर सायकलवरून निघाला. "बाबा, वाजतोय ना?"

ओट्यावर बसलेला म्हातारा म्हणाला, "नाय रे, नाय वाजत."

"छान, छान," म्हणत पोरगं फाटकाबाहेर गेलंसुद्धा. मला इतका राग आला, की आवाज असता तर करकरून उठलो असतो.

पण सालोमीने ऐकलं होतं. गुडघे धरत ती आली, त्याच्या कपाळाला हात लावला. अंग तव्यासारखं तापलं होतं. तिनेच डॉक्टरांना बोलावणं धाडलं. संध्याकाळी विद्याधर परतल्यावर ती एवढंच म्हणाली, "इचारलंस, तर थांबायचं होतंस ना बाबा."

विद्याधर मान खाली घालून रात्रभर बापाच्या उशाशी बसला.

मित्रांनो, माझ्यावरचा वेल काढला नाहीत तरी चालेल, कारली चांगली येतात. पण कुणाला "वाजतोय ना?" विचाराल, तेव्हा विद्याधर आता रोज करतो तसं करा. आधी सायकलवरून खाली उतरा.