चिमटीचं नख आणि चिठ्ठ्यांची भिंत

चिमटीची नोकरी तात्पुरती होती, आणि त्या तात्पुरतीला चार वर्षं होऊन गेली होती. दर तीन महिन्यांनी ऑफिसातून पत्र यायचं, आणखी तीन महिने. संस्था मात्र भली मोठी, तेवीस देशांत पाण्याचे पंप बसवणारी. निदान बसवायचं ठरवणारी तरी.

शुक्रवारी कायमच्या जागेची मुलाखत होती. ती हुकली तर शनिवारपासून आईच्या मधाच्या दुकानात, परत आलेल्या बाटल्यांवरची जुनी लेबलं सोलत बसायचं.

"लहानपणी काय सोलायचीस," आई म्हणाली. "एक लेबल फाटायचं नाही. नख ठेवलंयस ना अजून?"

"आई, मी आंतरराष्ट्रीय काम करते."

"करतेस गं. पण काय करतेस ते एकदा नीट सांग. मावशी दर वेळी विचारते, मी आपली खोकते."

चिमटीनं पर्स उचलली आणि ऑफिसची वाट धरली. सांगणार काय? ती तिथं चिठ्ठ्या चिकटवायची.

ऑफिसची रीतच होती तशी. मीटिंगमध्ये कुणाला काही सुचलं की ते पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचं आणि भिंतीला चिकटवायचं. काढायचं मात्र नाही, ज्याला सुचलं त्याचं मन दुखतं. अकरा वर्षांत थरांवर थर चढले आणि भिंती आत आत सरकल्या. आठ खुर्च्यांच्या तीन उरल्या. पंख्याची पाती दोनदा कापून झाली, आता तो नुसता मान हलवायचा.

त्याच खोलीत मुलाखत झाली. समोर मोठ्या बाई, म्हणजे ऑफिसच्या प्रमुख, पोट आत ओढून बसलेल्या. शेजारी मुख्य कचेरीतून आलेले टायवाले साहेब. चिमटीचा खांदा भिंतीला टेकलेला.

"चार वर्षांत तुमच्यामुळे काय बदललं?" साहेबांनी विचारलं.

चिमटीनं पाठ केलेलं सगळं उत्तर पार उडालं. आणि घाबरली की तिचं नख आपोआप कामाला लागायचं. कुठलंतरी टोक सापडलं, नख आत शिरलं, आणि गादी उसवावी तसा चिठ्ठ्यांचा अख्खा थर खाली आला.

"अहो, अहो, ते माझे विचार आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या.

"सॉरी मॅडम, हात थांबत नाहीये."

दुसरा थर आला, मग तिसरा. तिघंही गुडघाभर पिवळ्यात बुडाली. सतराव्या थरामागे दार निघालं. दार उघडलं आणि आतून कमरेपर्यंत दाढी आलेले एक गृहस्थ बाहेर आले. हे उपप्रमुख. सात वर्षं सगळे त्यांना दौऱ्यावर समजत होते.

"मीटिंग संपली का?" त्यांनी विचारलं. "मी पंप मोजायला आत गेलो होतो. तुम्ही दारावरच चिकटवत सुटलात. बरं झालं, मीटिंगच्या बिस्किटांचे खोके आत होते."

त्यांच्या मागे चाळीस नवेकोरे पंप उभे होते. दारावर सगळ्यात पहिली चिठ्ठी होती, अकरा वर्षांपूर्वीची. टेकडीपलीकडच्या गावाला पंप हवा.

"हे बदललं, साहेब," चिमटी म्हणाली. "आत्ताच."

साहेब खूश झाले. "तुम्हाला कायम करायला हवं. थांबा, लिहून ठेवतो." त्यांनी खिशातून पिवळी चिठ्ठी काढली.

चिमटीनं ती चिठ्ठी हळूच त्यांच्या हातातून काढून घेतली आणि टेबलावरचं नेमणुकीचं कोरं पत्र पुढं सरकवलं. "यावर सही करा. चिठ्ठी कुठं लावणार? भिंत साफ झालीये."

सही झाली. सोमवारी पहिला पंप टेकडीपलीकडं निघाला, दाढीवाले ट्रकमध्ये पुढं बसून. आणि चिमटीच्या हातात विमानाची बावीस तिकिटं पडली. बाकीच्या देशांतल्या ऑफिसांनाही भिंती होत्याच की.

"मग मावशीला काय सांगू?" आईनं विचारलं.

"सांग, सोलते," चिमटी म्हणाली. "पण कायमची."