बेलपानावरचा दर

मांडवात नको, इथे पुलाच्या कठड्याशी या. कर्ण्याचा आवाज इथवर येतो. हरिकथेला अवकाश आहे. तोवर आपल्याच बेविनकोप्प गावची एक कथा ऐकवतो. गोड नाही, आधीच सांगतो.

तालुक्यातले ठेकेदार टेंडर भरतात कचेरीत, पण दर ठरतो आपल्या बसवण्णाच्या, म्हणजे नंदीच्या, देवळात. जत्रेच्या पहिल्या दिवशी सगळे बेलपानावर हात ठेवून शपथ घेतात की, ठरल्याबाहेर कोणी जायचं नाही. मग वर्षभर जे काम निघेल त्याची आपसात बोली. बाकीच्यांना जो जास्त वाटा सोडेल, काम त्याचं. इतरांनी मुद्दाम चढे दर भरायचे. देवाचाही वाटा निघतो. कथेचा मांडव त्यातूनच उभा राहतो.

इराप्पा बडिगेर त्यांच्यातलाच, लहान ठेकेदार, आपल्या गावचा. कथा सांगणाऱ्या दासांच्या मागे बसून झांज धरायचा. ती जागा त्याच्या बापाची. तिच्यापुढे त्याला दुसऱ्या कशाची मातब्बरी नव्हती.

एका वर्षी शपथ झाली आणि मागून या ओढ्यावरच्या पुलाचं काम निघालं. शाळा पलीकडे, पोरं पाण्यातून जायची. होसमनी मालक त्यांच्यातले बडे ठेकेदार. त्यांनी रकमेचा पाचवा हिस्सा बाकीच्यांना सोडून काम धरलं.

इराप्पा म्हणाला, "एवढं सोडून पूल कशाचा बांधणार, मालक?"

"लोखंड कमी घालू. वरून कुणाला दिसतंय?"

"ओढ्याला दिसेल."

सगळे हसले. "झांजवाल्या, तू ताल सांभाळ. दराचं आम्ही बघतो."

इराप्पानं खडी, सिमेंट, लोखंड, मजुरी आणि वर आपली भाकरी, एवढाच हिशेब धरून टेंडर भरलं. त्याचाच दर सगळ्यांत कमी निघाला. पूल झाला. तुम्ही टेकलात तो हाच.

पुढच्या जत्रेत तो झांज घेऊन आला, तर होसमनींनी पायरीवरच अडवलं. "शपथ मोडणाऱ्यानं देवापुढे बसायचं नाही."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "शपथ देवाची होती का चोरीची? पोरं बुडवायला नंदीला साक्षीला बसवता, लाज नाही वाटत?"

"अज्जा, तुम्ही बसता तो मांडव कुणाच्या पैशातला?" होसमनींनी विचारलं.

पुजारी समईत तेल घालत राहिला. जन्मभर ज्यांच्या तोंडून सत्याच्या कथा ऐकल्या, ते दास तंबोरा जुळवत राहिले.

इराप्पा म्हणाला, "अज्जा, तुम्ही आत जा. कथा चुकवू नका." झांज पायरीवर ठेवून तो निघाला. त्यानंतर त्याला ना कुणी मिक्सर भाड्यानं दिला, ना काम. आता हुबळीत दुसऱ्याच्या हाताखाली मुकादमी करतो.

मी मात्र त्या मांडवात परत पाऊल टाकलं नाही. होसमनींची मोटार दर जत्रेला याच पुलावरून देवळाकडे जाते. इराप्पानं पक्का बांधलेल्या पुलाला काही होत नाही, याचाच मला जास्त संताप येतो.

ऐका, झांज वाजायला लागली. हात दुसऱ्याचा आहे. कथा मनापासून ऐका, पण आरतीला हात जोडाल तेव्हा इराप्पा बडिगेरची आठवण ठेवा.