सात दिवसांचे तिकीट

गेरिट बाउमा यांच्या घराण्यात कुणी कधी काही फुकट घालवले नव्हते. पावाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन वाळत घालायच्या आणि पुन्हा वापरायच्या, हा त्यांचा जन्माचा रिवाज. मिशिगनमधल्या झीलंड गावात याचे कुणाला नवल वाटत नाही. तिथे निम्म्या घरांत अशा पिशव्या वाळत असतात, आणि उरलेल्या निम्म्या घरांतही असतात, फक्त शेजाऱ्यांना दिसणार नाहीत अशा ठिकाणी. त्यामुळे बाहेर गुडघाभर बर्फ पडलेला असताना मुलगा मार्लिन आणि सून ट्रेसा फ्लोरिडाच्या थीम पार्कची सहल ठरवायला त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसले, आणि किती दिवस राहायचे हा प्रश्न निघाल्यावर गेरिट म्हाताऱ्याने ताडकन "सात" म्हटले, तेव्हा दोघांपैकी कुणीही भुवई उंचावली नाही.

त्या पार्कची तिकिटेच तशी होती. पहिले दोन-तीन दिवस खिसा कापायचे, मग पुढचा दिवस स्वस्त, त्याच्या पुढचा आणखी स्वस्त, आणि शेवटचे दिवस तर जवळजवळ फुकटात. ही युक्ती ज्याने काढली तो झीलंडच्या माणसांना चांगला ओळखून असला पाहिजे. ट्रेसाचे म्हणणे होते की चार दिवस पुष्कळ झाले, नऊ वर्षांच्या लेकीला, अनिकाला, घेऊन त्याहून जास्त फिरवत नाही. मार्लिन पाचावर यायला तयार होता. गेरिट जागचे हलले नाहीत. एवढे स्वस्तात मिळत असताना सोडून देणारा माणूस त्यांनी तरी पाहिला नव्हता, असे ते म्हणाले, आणि वादाला तिथेच कुलूप लागले.

पण खरे कारण पैशाचे नव्हते. खरे कारण फ्रिजच्या डोक्यावर पडलेले होते. डिसेंबरात गेरिट दारापुढचे बर्फ उपसताना घसरून पडले होते, आणि त्यानंतर मार्लिनने एक रंगीत माहितीपत्रक आणून तिथे ठेवले होते. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमाचे. नीटनेटक्या खोल्या, आयते सूप, आणि खिडकीपाशी हसत बसलेली म्हातारी माणसे. मार्लिन त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता, आणि तो बोलला नाही याचाच गेरिट यांनी धसका घेतला होता. हे घर त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, नेल्वाने, मिळून बांधले होते. नेल्वा गेली, पण तिने लावलेले सफरचंदाचे झाड होते, तळघरात त्यांची सुतारकामाची हत्यारे होती. हे सोडून त्या खिडकीपाशी हसत बसायची त्यांची मुळीच तयारी नव्हती. सात दिवस पार्क तुडवून दाखवला की कोण म्हातारा आहे ते पोरांना आपोआप कळेल, असा त्यांचा हिशेब होता.

"मध्ये रविवार येतोय, बाबा," मार्लिन म्हणाला.

ही गोष्ट साधी नव्हती, कारण रविवारी काम आणि करमणूक बंद ही देवाची आज्ञा. गेरिट यांच्या लहानपणी रविवारी सायकलसुद्धा शेडमधून बाहेर निघत नसे, आणि रविवारचे बटाटे शनिवारीच सोलून ठेवले जात. सकाळी चर्च, संध्याकाळी पुन्हा चर्च, आणि मधल्या वेळात गप्प बसून राहणे. पुढे काळ बदलला, तेही बरेच सैल झाले, पण रविवारी गवत कापायचे यंत्र त्यांनी आजवर सुरू केले नव्हते. ट्रेसा तर चर्चला वर्षातून एकदा, नाताळला जाई, आणि सासऱ्याच्या रविवारची चेष्टा तिने तोंडावर कधी केली नसली तरी पाठीमागे भरपूर केली होती.

"रविवारचं मी बघतो," गेरिट म्हणाले.

तर ही मंडळी मार्चमध्ये फ्लोरिडाला येऊन दाखल झाली. ट्रेसाने चौघांसाठी पिवळे धमक, एकसारखे टी-शर्ट छापून आणले होते, गर्दीत कुणी हरवू नये म्हणून. गुरुवारी फाटक उघडायच्या आधीच ती फाटकापाशी उभी होती, कारण पहिल्या तासात रांगा लहान असतात हे तिला कुणीतरी सांगितले होते. आत शिरताच गेरिट सगळ्यांच्या पुढे. फाटकाजवळ बॅटरीवर चालणाऱ्या खुर्च्या भाड्याने मिळत होत्या, आणि त्यांच्याहून तरुण माणसे खुशाल त्यांत बसून चालली होती. मार्लिनने एकदा खुर्चीकडे आणि एकदा वडिलांकडे पाहिले.

"तुला हवी असेल तर घे," गेरिट म्हणाले आणि चालू लागले.

त्यांचा उजवा गुडघा त्याच दुपारी गेला. एका लांबलचक रांगेत उभे असताना आत काहीतरी कुरकुरले, आणि मग तो जो सुजायला लागला तो थांबेना. गेरिट यांनी तोंडातून ब्र काढला नाही. त्यांनी एक तोड शोधली. राइडवर बसायची वेळ आली की म्हणायचे, तुम्ही जा, मी बॅगा सांभाळतो. शुक्रवारी सकाळपर्यंत हे छान चालले. पण दुपारी मार्लिनच म्हणाला, आता बॅगा मी सांभाळतो, बाबा, तुम्ही जा. थोड्या वेळाने ट्रेसा बॅगा मागू लागली. शनिवारी तर बाकड्यापाशी तिघांची बॅगांसाठी ओढाताण चालली होती, आणि बिचारी अनिका एकटीने रांगेत उभे राहायला नको म्हणून परत येत होती. गेरिट यांनी याचा एकच अर्थ लावला. ही दोघे आपल्याला बसू देत नाहीत म्हणजे आपली परीक्षाच चालली आहे. मग ते आणखी ताठ चालू लागले, आणि पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात उद्याचे बेत सांगू लागले.

शनिवारी संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत पलंगावर बसल्यावर त्यांना उजव्या पायातला बूट काढता येईना. गुडघा वाकतच नव्हता. शेवटी कपाटातला कपड्यांचा हँगर घेऊन त्यांनी टाचेकडून बूट ढकलून काढला, आणि तसेच आडवे झाले. सहलीचा निम्मासुद्धा पल्ला अजून गाठला नव्हता. उद्या आपण पार्कच्या मधोमध कोसळणार, मार्लिन ती खुर्ची घेऊन येणार, आणि त्या खुर्चीतून आपण थेट त्या आयत्या सुपाच्या खोलीत जाणार, हे त्यांना स्पष्ट दिसू लागले. त्यांना भीती वाटली, अगदी लहान मुलासारखी.

आणि मग त्यांना रविवार आठवला.

आपण चर्चला जातो म्हणायचे आणि पोरांना पार्कात पाठवायचे. दिवसभर पाय वर करून पडून राहता येईल, आणि कुणाची काही विचारायची टाप नाही. युक्ती नामी होती. फक्त देवाची आज्ञा आपण गुडघ्यावर पांघरूण घालायला वापरतो आहोत, हे त्यांच्या मनाला फार लागले. वडील असते तर काय म्हणाले असते, हा विचार त्यांनी कुशीवर वळून टाळला.

सकाळी नाश्त्याला ते पांढरा सदरा आणि टाय घालून उतरले. ट्रेसा कॉफीच्या कपावर डोके टेकून बसली होती. अनिका वॉफलचे तुकडे करून न खाता नुसती रचत होती.

"मी काही कुणावर जबरदस्ती करत नाही," गेरिट यांनी पाठ केलेले वाक्य म्हटले, "पण आज रविवार आहे. मी चर्चला जातो. तुम्ही खुशाल पार्कात जा."

"आम्ही पण येतो," ट्रेसा म्हणाली. कप खाली ठेवायच्या आधीच म्हणाली.

"हो, म्हणजे, सगळ्यांनी एकत्र जायला पाहिजे," मार्लिनने लगेच री ओढली. अनिकाने तर कुणाला न विचारता "चला" म्हणून खुर्ची मागे सरकवली.

गेरिट यांचा बेत असा बसल्या जागी बुडाला. पण निदान चर्चमध्ये बसायला मिळते, एवढे समाधान मानून ते गाडीत चढले. जवळचे चर्च दुकानांच्या रांगेत होते, एका बाजूला केशकर्तनालय आणि दुसऱ्या बाजूला पिझ्झावाला. आत ऑर्गन नव्हता, ढोल आणि गिटार होते. टाय घातलेले गेरिट एकटेच. बाकी तिघे पिवळ्या टी-शर्टातच आले होते, कारण ट्रेसाने दुसरे काही सामानात घेतलेच नव्हते.

प्रवचन सुरू झाले तसा गेरिट यांचा हात सवयीने खिशात गेला. त्यांच्या गावी प्रवचनाला सुरुवात झाली की पेपरमिंटच्या पांढऱ्या गोळ्या बाकावरून हातोहात फिरतात. नेल्वाचे ते काम होते, आता त्यांचे. त्यांनी एक स्वतः तोंडात टाकली आणि पुडी शेजारी धरली. कुणी घेईना. त्यांनी ती थोडी हलवली, तरी कुणी घेईना, म्हणून त्यांनी मान वळवून पाहिले.

तिघेही झोपले होते. अनिका आईच्या मांडीवर, ट्रेसा नवऱ्याच्या खांद्यावर, आणि मार्लिन मान मागे टाकून, तोंड उघडे. ट्रेसाने सपाता काढून ठेवल्या होत्या. तिच्या दोन्ही टाचांना पट्ट्या होत्या, आणि बोटांनाही. मार्लिनच्या वर सरकलेल्या टी-शर्टाखाली कंबरेला पट्टा आवळलेला होता, औषधाच्या दुकानात मिळतो तसला रुंद, पांढरा. पुढे प्रवचन संपून ढोलवाला शेवटच्या गाण्यासाठी तयार होऊ लागला तरी एकाचीही पापणी हलली नाही.

गेरिट यांनी पुडी परत खिशात घातली. ही परीक्षा घेणारी माणसे नव्हती. ही चारी मुंड्या चीत झालेली माणसे होती, आणि त्यांतली दोघे त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान. त्यांचा जीव असा भांड्यात पडला की त्यांना हसू आवरेना. ते पेपरमिंट चघळत एकटेच खांदे हलवत बसले, आणि मागच्या बाकावरच्या बाईला वाटले की बिचाऱ्याला प्रवचनाने रडू आले.

नंतर बाहेरच्या मंडपात कॉफी आणि डोनट होते. अनिका दुसऱ्या मुलांबरोबर गेल्यावर तिघे एका बाकावर बसले. कुणीच पार्कचे नाव काढीना. गेरिट यांनी विचारले की कंबर कधीपासून धरली आहे. मार्लिन आधी कानकोंडा झाला, मग म्हणाला की शुक्रवारपासून.

"मग बोलला नाहीस?"

"कसा बोलणार? तुम्ही आपले पुढे-पुढे, उद्याचे बेत सांगत. मी चाळिशीतला माणूस, बापाच्या आधी बसू?"

"मी तर कालच याला म्हटलं," ट्रेसा म्हणाली, "तुझे वडील आपल्याला इथेच पुरून जाणार. त्या वृद्धाश्रमात आपल्या दोघांसाठीच चौकशी कर."

तिने हे गमतीत म्हटले, पण तो शब्द बाकावर येऊन बसला तो उठेना. गेरिट यांच्या मनात आले की गप्प बसावे. ते जिंकले होते. आता फक्त पोरांवर उपकार केल्यासारखे परत जाऊ या म्हटले की झाले, घर त्यांचेच राहणार. पण आत्ताच चर्चमधून बाहेर आल्यामुळे असेल, किंवा आधीच एक लबाडी पोटात डाचत होती म्हणून असेल, त्यांनी पँटचा पाय वर ओढला. गुडघा लालबुंद होता, कोबीच्या गड्ड्याएवढा.

"गुरुवार दुपारपासून," ते म्हणाले. "आज चर्चला निघालो तेही देवासाठी नाही, यासाठीच. मला त्या खोलीत जायचं नाही, मार्लिन. म्हणून सात दिवस."

मार्लिनने कॉफीचा कप बाकावर ठेवला.

"डिसेंबरात तुम्ही पडलात, बाबा. बर्फात किती वेळ पडून होतात ते मला शेजारच्या बाईंकडून कळलं, आठवड्यानं. मी तुम्हाला रोज फोन करत होतो आणि तुम्ही रोज सांगत होतात, सगळं ठीक आहे. तुम्ही पडलात त्याची नाही मला भीती वाटली. माणसं पडतात. तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून मी ते कागद आणले."

इतके दिवस गेरिट जे लपवून घर राखत होते, ते लपवणेच त्यांना घराबाहेर काढायला निघाले होते. हे कळायला फ्लोरिडापर्यंत यावे लागले.

"आणि मी सांगत गेलो तर?" त्यांनी विचारले.

"तर ते कागद कशाला लागतात मला?" मार्लिन म्हणाला. "राहा की तुमच्या घरात. बर्फ मी येऊन काढीन."

मग किती दिवस राहायचे हा प्रश्न नव्याने निघाला आणि एका मिनिटात सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी निघायचे. उरलेले दिवस वाया जात होते, पण गेरिट बाउमा यांनी आयुष्यात पहिल्यांदा पैसे भरलेली वस्तू तशीच टाकून दिली, आणि त्यांना त्याचे काडीचेही वाईट वाटले नाही. अनिकाला सांगायची सगळ्यांना धास्ती होती. तिने ऐकून घेतले आणि विचारले, म्हणजे आज दिवसभर हॉटेलच्या तलावात पोहायचे ना? तिला पहिल्या दिवसापासून तेच हवे होते, पण तिला कुणी विचारलेच नव्हते.

दुपारी ट्रेसा आणि मार्लिन आरामखुर्च्यांवर पडून होते. रविवारी पोहणे गेरिट यांच्या वडिलांना चालले नसते, म्हणून ते टाय सोडून काठावर बसले आणि नुसते पाय पाण्यात सोडले. पाय धुण्याला कुणाचीच ना नव्हती. अनिका पोहत त्यांच्यापाशी आली आणि गुडघ्याकडे बघत राहिली.

"आजोबा, दुखतंय का?"

"नाही गं, ठीक..." एवढे त्यांच्या तोंडून सवयीने निघाले, आणि ते थांबले. मागे मार्लिन डोळे मिटून पडला होता, पण त्याने आवाज न करता कान इकडे दिला असणार, हे त्यांना पाठीनेच कळले.

"दुखतंय," ते म्हणाले. "खूप दुखतंय."

मागे आरामखुर्ची करकरली. मार्लिन कंबर धरून उठला आणि बर्फ आणायला गेला.