पाय दुमडलेली बाई

"रगत आलं! हाडातनं रगत आलं!"

काशीदच्या मागच्या टेकाडावर सारा गाव लोटला होता. रिसॉर्टच्या टाकीसाठी खणताना शिंपल्यांच्या जाड थराखाली सांगाडा निघाला होता. कुशीवर निजलेला, गुडघे छातीशी दुमडलेले, भोवती लाल माती. तुकाराम भगताने हाडाला हळद फासली, तांब्यातलं तीर्थ ओतलं, आणि हाड लालभडक झालं.

"हडळ हाय! पाय बांधून पुरलीय. आनि तंगडी बगा, वाकडी! गावात वाकडी तंगडी कोनाची?"

सगळ्यांनी सगुणाकडे पाहिलं. खड्ड्यालगतच तिचं झोपडं. लहानपणी मोडलेला पाय ओढत ती शिंपल्या विकते.

"अमावास्येच्या आत हिला गावाबाहेर काढा, न्हायतर पोरं दगावतील!"

मी शाळेत विज्ञान शिकवते. तांब्यात चुन्याची निवळी आहे, हे रंग बदलताच मला कळलं होतं. पण शेजारी सासूबाई होत्या, समोर सरपंच. मी वाकून भगताला नमस्कार केला.

"मॅडम, तुम्ही पन?" सातवीतली हेमाली माझ्याकडे बघत होती.

मी नजर चुकवली. ती सरळ भगताच्या ताटाकडे गेली, लिंबू उचललं, दातांनी फोडलं आणि 'रक्ता'वर पिळलं. लाल होतं ते पिवळं झालं.

"मंतरलेलं लिंबू हाय पोरी, हात झडंल!"

"रगत आंबटानं पिवळं पडतं व्हय, तात्या? ही हळद नि चुना. मॅडमनी वर्गात दाखवलंय."

कुणीतरी फिसकन हसलं. तेव्हा कुठे मी खड्ड्यात उतरले. उरलेलं लिंबू हाडांभोवतीच्या लाल मातीवर पिळलं. लाल रंग तसाच राहिला.

"हा गेरू. नेमकं वय तज्ज्ञ सांगतील. पण शेती यायच्या आधीची, शिकार करून, शिंपल्या वेचून जगणारी माणसं आपल्या मेलेल्यांना पुष्कळदा असंच निजवायची, गेरू घालायची. ही शिक्षा नव्हे. शिंपल्यांमधल्या चुन्यामुळे हाडं टिकली." मी पायाच्या हाडावरची गाठ दाखवली. "हे मोडून पुन्हा जुळलंय. कित्येक आठवडे तिला चालता आलं नसेल. कुणीतरी तिला खाऊ घातलं. पोटामागे भटकणाऱ्या माणसांनी लंगड्या बाईला टाकलं नाही."

भगत तांब्या घेऊन निघून गेला होता. एकेक जण खाली मान घालून उतरू लागला.

सगुणा जवळ आली. "मॅडम, तुमाला आदीच ठाव व्हतं?"

"हो."

"मंग वाकलात कशाला?"

"भ्याले. सासूबाईंना, सरपंचांना."

भगताचं तीर्थ ओळखायला एक लिंबू पुरतं. तुम्हाला ते ठाऊक असेल, तर तिथल्या तिथे पिळा. सातवीतल्या मुलीची वाट पाहू नका.