हजेरीतले चौथे नाव

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे. रेकॉर्ड करायची नावे अकरा. चौसाळ्यातल्या आपल्या दुकानामागच्या खोलीत सोमेश्वरने भिंतींना गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला आणि वडिलांना, आश्रुबांना, माइकसमोर बसवले.

अठरा वर्षांपूर्वी तंत्रनिकेतनात शिकताना त्याने एक भीतीचा कॉम्प्युटर गेम रचला होता. ऊसतोडीला गेलेले ओस गाव आणि पहाटे मुकादमाची हजेरी. नावामागून नाव पुकारले जाई, ओ मात्र कोणीच देत नसे. त्यासाठी त्याने ऊसतोड टोळीचे मुकादम असलेल्या आश्रुबांची खरीखुरी हजेरी ट्रकजवळ टेप केली होती आणि टोळीने दिलेली ओ तेवढी कापून टाकली होती. आता पुण्याची एक कंपनी तो गेम नव्याने बांधत होती. जुन्या टेपला बुरशी लागलेली. पाचपर्यंत स्वच्छ आवाज पोहोचला नाही, तर यंत्राने घडवलेला आवाज बसणार होता. आश्रुबांची स्मृती दोन वर्षांपासून ढासळत चालली होती. वडिलांचा आवाज मागे उरावा, एवढीच सोमेश्वरची धडपड होती.

हजेरी त्यांना अजून पाठ होती. पण ओ आल्याशिवाय मुकादम पुढच्या नावाला जात नाही. गाडी सुटली की राहिलेला राहिलाच. म्हणून सोमेश्वरने टोळीतली हयात माणसे बाकावर बसवली. मेलेल्यांची ओ तो स्वतः देणार होता.

तीन नावे सुरळीत झाली.

“अभिमन्यू!”

“हाय!” सोमेश्वर म्हणाला.

आश्रुबा वळले. “तू कावून बोलतो बे? तुजं नाव अभिमन्यू हाय का?”

बाकावर हशा पिकला. आश्रुबाही हसले. “पाचटाच्या कोपीत घोरत पडला आसंल कुंभकर्ण. अभिमन्यू! ए अभिमन्यू!”

म्हातारा हरिओम हळूच म्हणाला, “मुकादम, पुढं चला. अभिमन्यू न्हाई आता.”

“न्हाई म्हंजी? त्याला टाकून गाडी हालवू? त्याच्या मायला काय सांगू?”

मग हसणे थांबले. आश्रुबा हाका मारीत राहिले. आधी दरडावून, मग आर्जवाने, शेवटी लेकराला उठवावे तशा आवाजात. सोमेश्वरने त्यांना पाणी दिले, पाचवे नाव सुचवले, हात धरला. त्यांनी हात झटकला.

फोनवरून पुण्याच्या कंपनीतला अमरसिंह सगळे ऐकत होता. “दादा, बंद करू नका! काटा आला अंगावर. बाकीची नावं राहू द्या. ही एकच हाक घेऊ, पूर्ण गेमभर वाजवू.”

“ते काम करत नाहीयेत, अमरसिंह. ते त्याला शोधतायत.”

“म्हणून तर खरं वाटतंय ना!”

सोमेश्वरने वडिलांकडे पाहिले. ते कानामागे हात धरून, ओ येईल म्हणून थांबले होते. त्याने रेकॉर्डिंग थांबवले आणि झाले तेवढे सगळे पुसून टाकले.

“यंत्राचाच आवाज बसवा,” तो म्हणाला.

नव्या गेममध्ये आश्रुबांचा आवाज: शून्य सेकंद.