आखूड पायाची तिवई

मी एक जुनी तिवई आहे. तीन पाय, वर गोल फळी, आणि उंची म्हणाल तर तुमच्या गुडघ्याइतकीसुद्धा नाही. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. टेबलांना आणि खुर्च्यांना सगळं जग ओळखतं. माझी आठवण लोकांना ठेच लागल्यावरच होते, आणि तीही शिवी देऊन.

एका सुताराने मोडक्या दाराच्या फळीतून मला घडवलं आणि उरल्यासुरल्या लाकडाचे पाय लावले. मला नेलं ते खुर्च्या विणणाऱ्या एका कारागिराने. त्याचं दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. भिंतीवर वेताच्या जुड्या टांगलेल्या, खाली खडबडीत फरशी, आणि दाराशी वेत भिजत घातलेली बादली. बसून बसून फाटलेल्या खुर्च्या लोक त्याच्याकडे आणायचे. तो माझ्यावर बसायचा, खुर्ची पुढ्यात घ्यायचा आणि तिच्यावर वाकून एकेक पट्टी ओवायचा. काम वर उचलून जवळ घ्यावं, हे त्याला कधी सुचलंच नाही. तोच कामापर्यंत खाली जायचा. सगळा भार माझ्या पुढच्या पायावर.

त्याची एक मुलगी होती. तिला सगळे छोटी म्हणत. शाळा सुटली की ती दप्तर फेकून बापाशेजारी यायची आणि वेताच्या तुकड्यांशी खेळता खेळता विणायला शिकली. "छोटे, पाठ सरळ ठेव," बाबा सांगायचे, तेही स्वतः वाकलेलेच! पुढे बाबा गेले आणि मी छोटीची झाले. ती मोठी झाली, तिचं लग्न झालं, दुकान तिच्या नावावर चालू लागलं, तरी नाव छोटीच राहिलं आणि वाकणंही तेच. बाप-लेकीच्या वाकण्याने माझा पुढचा पाय झिजून बोटभर आखूड झाला. दुसरं कुणी बसलं की पुढे घसरायचं. छोटी मात्र झकास बसायची.

"ही फेकून नवीन का घेत नाहीस?" एका गिऱ्हाइकाने एकदा विचारलं.

"अहो, ती माझ्या मापाची झालीये," छोटी म्हणाली.

मित्रांनो, एवढं कौतुक मला जन्मभर पुरलं असतं. पण मग ती आली.

छोटीला दिवस गेले होते. तिच्या नवऱ्याने भंगाराच्या दुकानातून झुलत्या खुर्चीचा सांगाडा आणला. "बाळाला घेऊन आरामात झुलत बसशील," तो म्हणाला. छोटी हरखली. त्या सांगाड्याला तिने घासलं, पुसलं, रंगवलं, आणि मग ती माझ्यावर बसून त्याला वेत विणू लागली. ऐका म्हणजे झालं! माझ्याच डोक्यावर बसून माझी सवत सजवली जात होती, आणि मी निमूटपणे भार पेलत होते.

गिऱ्हाइकाच्या खुर्चीलाही तिने कधी एवढा जीव लावला नव्हता. एकेक पट्टी ओढून ओढून ताणली. "झोळ पडता कामा नये," ती म्हणायची, "लेकरू मोठं होईपर्यंत टिकली पाहिजे." बैठक अशी टणटणीत झाली की बोटाने वाजवली तर वाजावी. वर नवी गादी, हातांना मऊ कापड. आणि माझं काय झालं? मला उचलून आतल्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि डोक्यावर येणाऱ्या बाळाच्या लंगोटांसाठी बादली दिली. माझा जळफळाट झाला. का होऊ नये? हाडं झिजवली मी, आणि मिरवणार ती!

छोटीला मुलगी झाली. चांगली टपोरी, भुकेली पोर. येणारा जाणारा बाळाचं तोंड बघायचा आणि मग खुर्चीला हात लावून म्हणायचा, "वा, काय सुंदर खुर्ची!" ती बया आणखीच डुलायची. माझ्याकडे बघायचं ते फक्त ओला लंगोट टाकायला.

पण कोपऱ्यातून सगळं दिसतं. दोन दिवसांत माझ्या ध्यानात आलं की त्या सिंहासनावर सुख नाही. बाळ रडलं की आईला पान्हा फुटतो म्हणतात. आमच्या छोटीला घाम फुटायचा. ती बाळाला घेऊन खुर्चीत बसायची, छातीशी धरायची, आणि बाळाने तोंड लावताच दातांमधून श्वास ओढायची. डोळे गच्च मिटलेले, खांदे कानांपर्यंत आलेले. स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या. एकदा तर बाळाच्या ओठांवर रक्त दिसलं आणि ती किंचाळली. तिला वाटलं, बाळालाच काहीतरी लागलं. ते तिचंच रक्त होतं.

बाळंतिणीचं करायला आलेल्या सासूबाई मायाळू होत्या, पण त्यांच्याकडे औषध एकच. "पहिलटकरणीला दुखतंच गं. सोस थोडं. अंगवळणी पडेल." आणि स्वच्छ राहावं म्हणून दर वेळी साबणाने धुवायला लावायच्या. चिरांवर साबण! मला बघवत नव्हतं.

मला कळत होतं काय चुकतंय ते. ती वाकत होती! ताणून विणलेल्या त्या बैठकीवरून ती पुढे घसरायची, टाचा जमिनीला टेकायच्या नाहीत, मांडी उतरती व्हायची. बाळ खाली जायचं आणि त्याच्या मागोमाग ही छाती घेऊन खाली जायची, जशी जन्मभर कामापर्यंत खाली गेली तशी. पोरीच्या तोंडात नुसतं टोक यायचं आणि ती ते हिरड्यांनी चावायची. मला हे कळत होतं, पण तिवईचं कोण ऐकतंय? आणि खरं सांगू? सवतीची फजिती होतेय म्हणून मला आतून गुदगुल्याही होत होत्या.

मग एका दुपारी छोटी बाळाला न घेताच खुर्चीत बसली. बाळ पाळण्यात टाहो फोडत होतं.

"आई, बाटली आणा," ती सासूबाईंना म्हणाली. "मला नाही जमत आता."

"अगं, पण तुलाच पाजायचं होतं ना? केवढी हौस होती तुला."

"होती. अजून आहे. पण ती रडली की मला धडकी भरते, आई. मला माझ्याच लेकीची भीती वाटायला लागलीय." आणि छोटी ओक्साबोक्शी रडायला लागली.

माझ्या गुदगुल्या तिथल्या तिथे थांबल्या. बाबा गेले तेव्हा ती माझ्यावर बसून अशीच रडली होती. आज ती दुसरीच्या कुशीत रडत होती, आणि ती दुसरी मख्खासारखी झुलत होती. माझा असा संताप झाला म्हणून सांगू!

नशीब, त्याच दुपारी बाळाचं वजन करायला नर्सबाई आल्या. वजन वाढायचं तिथे थोडं घटलंच होतं. त्यांनी छोटीला रडू दिलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "बाटलीचं नंतर ठरवू. एकदा मला पाजून दाखव. फक्त बघते."

छोटीने भीत भीत बाळाला घेतलं आणि वाकली. नर्सबाई बाळाकडे बघतच नव्हत्या. त्या तिच्या पायांकडे बघत होत्या. पाय चवड्यांवर, बोटं आत वळलेली.

"अगं, तू तर लोंबकळतेयस! पायाखाली घ्यायला काही आहे का?"

सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. नर्सबाई सरळ माझ्याकडे आल्या, बादली उतरवली आणि मला छोटीच्या पायांपुढे ठेवलं. पाय पुढे घसरले.

"अशी नाही, सिस्टर, उलटी ठेवा," छोटी हुंदका आवरत म्हणाली. "तिचा एक पाय आखूड आहे. तो माझ्याकडे करा."

तिच्या लक्षात होतं! एवढ्या दुखण्यातसुद्धा तिच्या लक्षात होतं!

"आखूड कशाने झाला?" नर्सबाईंनी मला फिरवत विचारलं.

"वाकून वाकून. बाबा असेच विणायचे, मीही तशीच विणते."

नर्सबाई हसल्या. "आणि बाळालाही तशीच पाजतेस. हे विणकाम नव्हे, बाई. इथे आपण खाली जायचं नाही, काम वर घ्यायचं. टेक मागे."

छोटी मागे टेकली. माझ्यावर पाय ठेवताच तिची मांडी वर आली. नर्सबाईंनी कोपराखाली चादरीची घडी दिली, बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं, नाक स्तनाग्रासमोर आणलं. "आता थांब. तिला जांभईएवढं तोंड उघडू दे. उघडलं? आण तिला तुझ्याकडे. हनुवटी आधी टेकू दे. नुसतं निपल नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा."

पहिल्यांदा जमलं नाही. छोटी कळवळली, तिच्या पायांची बोटं माझ्या फळीत रुतली. "ओढून काढू नकोस. करंगळी तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात घाल, पकड सुटेल. हं. पुन्हा." दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बाळाने भलंमोठं तोंड उघडलं आणि छोटीने तिला झटकन जवळ घेतलं.

बोटं पुन्हा रुतली. आणि मग, मित्रांनो, हळूहळू सैल झाली. एकेक बोट उलगडलं. टाच टेकली. दुखणं थांबलं हे सगळ्यात आधी मला कळलं, मग छोटीला, मग नर्सबाईंना. त्या मिजासखोर खुर्चीला तर अजून कळलेलं नाही.

"आई," छोटी हळूच म्हणाली, "ती गिळतेय. ऐकू येतंय."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. चिरा भरायला वेळ लागला. साबण बंद झाला. पाजून झालं की आपल्याच दुधाचा थेंब लावून वाऱ्याने सुकू द्यायचा, आणि ताप आला किंवा छातीला लाल गाठ आली तर घरी न बसता दवाखान्यात यायचं, असं नर्सबाई बजावून गेल्या. बाटली आली नाही.

आता तुम्ही म्हणाल, शेवटी तू पायाखालीच गेलीस ना? गेले. खुर्ची अजूनही वर मिरवते आणि लोक तिलाच "वा" म्हणतात. माझा जळफळाट काही संपलेला नाही, मी कशाला खोटं बोलू? परवा जावईबापू, म्हणजे छोटीचा नवरा, पट्टी ठोकून माझा पाय सारखा करायला निघाले होते. छोटी ओरडली, "अहो, हात लावू नका तिला!" खुर्चीने ऐकलं असेल, अशी आशा आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी ती कुठे झिजलीय ते बघा. तिथे तुमच्याच घरातल्या कुणाचे तरी कष्ट दिसतील. आणि घरात बाळ आलं की सगळे बाळाचं तोंड बघायला धावतात, तुम्हीही धावा. पण एकदा खाली वाकून आईच्या पायांकडे बघा. बोटं वळलेली असली, तर तिला "सोस" म्हणू नका. तिच्या पायाखाली काहीतरी द्या आणि जाणत्या माणसाला बोलावून आणा.